सरावाचे सामने

अमेरिकेतील फुटबॉल मला आवडतो. तेथे खेळाडू चेंडू हातात घेऊन धावतात. हंगामापूर्वी सरावाचे सामने होतात. त्यांतील जय-पराजय मोजला जात नाही. २००८ साली डेट्रॉईट लायन्स संघाने असे चारही सामने जिंकले, पण हंगामातील सोळाही सामने तो हरला! मग हे सामने पाहावेत कशाला? माझ्या मते, खेळाडूंसाठी. संघात शेवटी ५३ जणांनाच जागा मिळते. १९९४ साली कर्ट वॉर्नरला एका संघाने वगळले. त्याने दुकानात माल लावण्याचे काम केले, पण खेळ सोडला नाही. १९९९ मध्ये सरावाच्या सामन्यात रॅम्स संघाचा मुख्य खेळाडू जखमी झाला. राखीव वॉर्नर मैदानात उतरला आणि त्याच हंगामात संघ अजिंक्य ठरला. मित्रांनो, सरावात गुणफलक पाहू नका; राखीव खेळाडूंची धडपड पाहा.