झेपेल एवढे पाऊल

स्वतःत बदल घडवू पाहणाऱ्या माणसाला दोन गोष्टी लागतात: उद्याही टाकता येईल एवढेच लहान पाऊल, आणि ते पाऊल पाहणारे, सोबत चालणारे कोणी तरी. पालघर जिल्ह्यात या दोन्ही गोष्टींचा सर्वांत चांगला पुरावा एका शाळेच्या इतिहासात सापडतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली आदिवासींची मुले शिकली, तशा त्यांना शिकवणाऱ्या बायकाही.

त्यांपैकी अनुताई वाघ यांचे आयुष्य पायरी-पायरीने पाहण्यासारखे आहे. जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळच्या रीतीप्रमाणे पुढचे सगळे आयुष्य माजघरातच जायचे. पण शिक्षण सुरू राहिले. आधी प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण, मग नाशिक जिल्ह्यात नोकरी, मग पुण्याच्या हुजूरपागेत. दिवसा शिकवायचे आणि रात्रशाळेत शिकायचे, असे करत त्यांनी मॅट्रिक गाठले. १९४५ मध्ये कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि त्या बोर्डीला आल्या. तेव्हा अनुताईंचे वय पस्तीस आणि ताराबाईंचे त्रेपन्न. कामाच्या धबडग्यात राहिलेली पदवी अनुताईंनी १९६१ मध्ये घेतली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. यातली कोणतीही एक पायरी डोळे दिपवणारी नाही. वर्षानुवर्षे पायऱ्या चढत राहणे मात्र दुर्मीळ आहे.

बोर्डीत पहिली अडचण आली ती वस्तीवरच्या मुलांची. बालवाडीची इमारत होती, साहित्य होते, पण दलित वस्तीतली मुले तिथवर येत नव्हती. कोणी लहान भावंडे सांभाळत होते, कोणाच्या अंगावर धड कपडे नव्हते, आणि जातीची भिंत तर होतीच. मुलांनी शाळेपर्यंत यावे असा आग्रह सोडून शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. तिथे आधी आंघोळ, केस विंचरणे, नखे काढणे, आणि नंतर गाणी, गोष्टी, मोजणी. माँटेसरी शिक्षणपद्धतीचे महागडे साहित्य परवडण्यासारखे नव्हते, म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने, काटक्या कामी आल्या. कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरली आणि कडेवरच्या भावंडांसाठी पाळणाघर निघाले. पहिल्या पायरीची उंची चढणाऱ्याच्या गुडघ्याकडे पाहून ठरवायची असते, हे या प्रयोगांनी दाखवले. आपल्याकडचे बहुतेक संकल्प मोडतात ते इथेच: पायरी आपल्या गुडघ्याऐवजी शेजाऱ्याच्या गुडघ्यावर बेतलेली असते.

या बालशिक्षणाचा आणखी एक नियम प्रौढांनी उचलावा असा आहे. त्या पद्धतीच्या जनक माँटेसरी आणि ताराबाईंचे भावनगरचे सहकारी गिजुभाई बधेका, दोघांनाही शिक्षा जशी अमान्य होती तसे बक्षीसही. बक्षिसासाठी काम करणारे मूल बक्षीस थांबले की थांबते, असा त्यांचा अनुभव. मग प्रोत्साहन द्यायचे कसे? मुलाचे काम मन लावून पाहायचे, मागितली तेवढीच मदत करायची आणि जमले की पुढचे, थोडे अवघड काम हातात द्यायचे. पाठीवर थाप मारणे सोपे असते. कोणावर जबाबदारी सोपवायला त्याच्यावर विश्वास लागतो.

लहान पाऊल आणि सोबत, ही रीत अध्यात्मात वारकऱ्यांनी फार पूर्वी बसवली आहे. तुळशीची माळ घालणाऱ्याने मद्यमांस सोडायचे, एकादशी धरायची, वारी करायची. माकुणसार, केळवे, सातपाटीच्या पट्ट्यात, जिथे ताज्या मासळीवाचून आणि पावसाळ्यात सुक्या बोंबलावाचून ताटाला चव येत नाही, तिथे ही मोठी मागणी आहे. म्हणून बरेचजण आधी सोमवार पाळतात, मग श्रावण, आणि माळ त्यानंतर कधी तरी. हरिपाठाचे सत्तावीस अभंग रोज संध्याकाळी म्हणायला फार वेळ लागत नाही; अवघड असते ते ‘रोज’. ते सोपे होते चारजण टाळ घेऊन देवळात बसलेले असल्यामुळे. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. तिचे पहारे वाटून घेतलेले असतात. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा हात बदलते. सात दिवस जागणे कोणालाच शक्य नाही, पण आपला पहारा कोणालाही उभा राहून काढता येतो.

अर्थात सोबतीला दुसरी बाजूही आहे. गावकीचा डोळा आधार देतो तसा धाकही घालतो. एखाद्याची माळ तुटली, दारू सोडलेला पुन्हा प्यायला, की चावडीवर त्याची चेष्टा होते, आणि त्याच चेष्टेमुळे तो परत येण्याचे टाळतो. शिक्षा नको हा बालशिक्षणाचा नियम इथे भजनी मंडळांनाही लागू पडावा.

मोठी उडी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या घटनाही जवळून पाहिल्या तर लहान पावलांच्या आणि सोबतीच्याच दिसतात. ज्या वर्षी बोर्डीचे केंद्र निघाले त्याच वर्षी, मे १९४५ मध्ये, तलासरीजवळच्या झरी येथे किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. किसान सभेच्या कार्यकर्त्या गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये हा काळ लिहून ठेवला आहे. सभेत शपथ घेताना हजारोंची साथ होती. दुसऱ्या दिवशी जमीनदाराच्या दारात ‘नाही’ म्हणायचे ते मात्र एकेकट्याने. शेजारच्या पाड्यावरचाही तेच म्हणणार आहे या खात्रीवर तो शब्द तोंडातून निघाला.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. त्यानंतर १९९२ पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, अनुताईंनी कोसबाडचे काम पाहिले. दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशभरात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि बोर्डीसारखीच अंगणातली शाळा, अंगणवाडी, गावोगाव गेली. दिवाळीची सुटी संपून शाळा भरू लागली की वाचकांनी कोसबाडला एकदा जाऊन यावे. त्यासाठी उतरायचे डहाणू रोडला; केळवे रोडला गाडी पकडली तर ते पाचवे स्टेशन. जाण्यापूर्वी अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्र वाचून घ्यावे, आणि शक्य झाल्यास घरातल्या कोणाबरोबर तरी मोठ्याने, रोज थोडे थोडे.