सुट्टी न लागणारे घर

‘‘ताई, यायचं तर सकाळी साडेपाचला या. उशीर केलात तर आम्ही घरी सापडणार नाही,’’ त्यांनी फोनवर आधीच बजावले होते. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे हे पुण्यातले कुटुंब. थोरली तेरा वर्षांची, धाकटा नऊ वर्षांचा. मे महिन्यात सगळ्यांच्याच शाळा बंद असतात. मग ज्यांची शाळाच घरात, त्यांची सुट्टी कशी असते? हे पाहायला म्हणून १३ मेला मी दिवसभर त्यांच्याकडे राहिले.

सहाच्या आत आम्ही वेताळ टेकडी चढत होतो. बहावा पिवळाधमक फुलला होता. धाकट्याच्या हातात पक्ष्यांची वही. त्याने बुलबुल लिहिला, शिंपी लिहिला आणि लांबून मोर ओरडला तेव्हा विचारले, ‘‘दिसला नाही, नुसता ऐकला, तर लिहायचा का?’’ आईने उत्तर दिले नाही. ‘‘तूच ठरव,’’ म्हणाली. त्याने मोर लिहिला आणि पुढे कंसात ‘फक्त आवाज’ असे नोंदवले.

आठ वाजता गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या. तुमच्या-माझ्या घरातले हेच वाळवण, पण इथे ते गणित होते. एक किलो साबुदाण्याला किती पाणी लागले, शिजल्यावर वजन किती झाले आणि चार दिवसांनी खडखडीत वाळल्यावर किती उरेल, याचा तक्ता धाकट्याने आखला होता. पाणी आले तसे उडून जाणार, हे त्याला ठाऊक होते. किती उरेल यावर मात्र त्याची बहिणीशी पैज लागली होती.

दिवसाचा खरा मुहूर्त होता दुपारी साडेबाराचा. वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला, सूर्य मध्यान्ही पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच नाहीशी होते. दिल्लीकरांना हे घरबसल्या कधीच पाहायला मिळत नाही, कारण सूर्य कर्कवृत्ताच्या उत्तरेला जातच नाही. इंदूरला हा दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. तिथे थोरलीचा मामेभाऊ राहतो. त्याने एक मीटरची काठी उभी करून मध्यान्हीची सावली मोजली आणि फोनवर सांगितले, ‘‘साडेसात सेंटीमीटर!’’

थोरलीने कागदावर त्रिकोण काढला, कोनमापक लावला. सव्वाचार अंश. नकाशावर पुणे ते इंदूर सरळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४६५ किलोमीटर. मग ३६० अंशांना किती? उत्तर आले ३९ हजारांवर. पृथ्वीचा खरा घेर सुमारे ४० हजार किलोमीटर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये याच युक्तीने पृथ्वी मोजली होती. आमच्या लहानपणी हे धड्यात होते. सावली बघायला उन्हात मात्र आम्हाला कोणी नेले नाही.

दुपारी बसने राजा केळकर संग्रहालय. तिथले दिवे आणि अडकित्ते पाहताना आईने मुलांना सांगितले की, दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हे सारे उभे केले. थोरली बराच वेळ गप्प होती.

साडेपाचला घरी परतलो. पाणीही न पिता दोघे खाली अंगणात पळाली. लगोरी, सायकली, आरडाओरडा. सोसायटीतली पंधरा-वीस मुले जमली होती. आई म्हणाली, ‘‘आम्हाला सुट्टी लागत नाही, पण या मुलांच्या सुट्टीची वाट आमचीच मुलं जास्त बघतात. जून उजाडला की अंगण रिकामं होतं.’’

रात्री जेवताना थोरलीने पानातून मान वर न करता सांगितले, ‘‘आई, जूनमध्ये मला शाळेत जायचंय.’’

कोणीच बोलले नाही. सात वर्षांपूर्वी ही मुलगी शाळेत जाताना रोज रडायची म्हणून आईने बँकेतली नोकरी सोडली होती. घर एका पगारावर चालते. आजचा टेकडीपासून संग्रहालयापर्यंतचा सगळा दिवस त्या माउलीने एकटीने उभा केला होता. ‘‘इथं काय कमी पडलं?’’ हा प्रश्न तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसला. तिने तो विचारला नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, ‘‘गणित बुडेल असं वाटतं का?’’ मुलगी म्हणाली, ‘‘नाही गं. दुपारी डबा खायला कोणीतरी हवं.’’

मार्ग दोन्हीकडे आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या, शाळेत नसलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश मिळू शकतो. घरीच राहायचे तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देता येते. त्यासाठी चौदा वर्षे पूर्ण हवीत, नोंदणी पाच वर्षे टिकते आणि माध्यम मराठीही घेता येते.

मैत्रिणींनो, घरी शिकवणे चांगले की शाळा, हा वाद घालणारे पुष्कळ भेटतात. एक पगार, एक मोकळी आई आणि जवळ टेकडी, हे सगळ्यांच्या नशिबी नसते. पण मूल काय मागते आहे हे ऐकायला यातले काहीच लागत नाही. आपल्या कष्टांचा हिशेब मुलीच्या ताटात न वाढणारी ती आई मला दिवसभरात शिकवलेल्या साऱ्या धड्यांहून मोठी वाटली.

निघताना ती म्हणाली, ‘‘उद्या शाळेत चौकशी करून येते. धाकटा काय म्हणतो, तेही बघायचंय.’’ थोरली जिन्यापर्यंत पोचवायला आली. ‘‘३० जुलैला परत सावली जाणार आहे,’’ ती म्हणाली. ‘‘ढग असतील बहुतेक. पण शाळेचं मैदान मोठं आहे, काठी तिथंच लावीन म्हणते.’’