जाणतेपणाचा वारसा

मद्य आणि मद्यनिर्माता यांच्याविषयी गौरवाने लिहिण्याची आपल्याकडे प्रथा नाही. व्यसनापायी धुळीस मिळालेले संसार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ती नसावी असेच वाटेल. तथापि वस्तूविषयीचा आक्षेप कायम ठेवूनही ती घडविणाऱ्याच्या निष्ठेचा आदर करता येतो. जानेवारी २०१७ मध्ये वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी निवर्तलेले, अमेरिकेतील केंटकी राज्याचे विख्यात बर्बन-निर्माते पार्कर बीम यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे.

बीम घराण्याची परंपरा अठराव्या शतकाच्या अखेरीस केंटकीत स्थिरावलेल्या जेकब बीम यांच्यापासून सांगितली जाते. १९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली आणि घराण्याची भट्टी विझली. १९३३ मध्ये बंदी उठली तेव्हा जिम बीम सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. तरीही त्यांनी धंदा नव्याने उभा केला. या जिम यांचे बंधू पार्क हे पार्कर यांचे आजोबा. स्वतः पार्कर १९६० मध्ये बार्ड्सटाउन येथील 'हेवन हिल' कारखान्यात वडील अर्ल यांच्या हाताखाली रुजू झाले आणि १९७५ मध्ये त्यांच्या जागी प्रमुख झाले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा कारखाना बीमांचा नव्हता. मालकी शापिरा कुटुंबाची होती. बीमांकडे होते ते केवळ जाणतेपण, आणि तेच त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले.

हे जाणतेपण उतावळ्याच्या हाती लागणारे नव्हे. बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका असला पाहिजे आणि ती आतून जाळून काळ्या केलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरली पाहिजे, असा तेथील कायदा आहे. पुढचे काम काळाचे. दरसाल पिंपातील काही अंश हवेत विरतो. त्याला तेथील लोक 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. आज भरलेले पिंप कित्येकदा दहा-बारा वर्षांनी फोडावयाचे. म्हणजे बापाने भरलेले मुलाने उघडावे आणि मुलाने नातवासाठी भरावे, असा हा व्यवहार!

७ नोव्हेंबर १९९६ रोजी हेवन हिलला आग लागली. सुमारे ९०,००० पिंपे आणि कारखाना भस्मसात झाला. त्या वेळी प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपल्या भट्ट्यांवर हेवन हिलसाठी मद्य गाळून देऊन शेजारधर्म पाळला, आणि १९९९ मध्ये कंपनीने लुईव्हिल येथील दुसरा कारखाना घेतला. इमारत गेली, पण पार्कर यांच्या हातची विद्या जळली नाही. पुढे २०१० मध्ये स्नायूंची शक्ती हिरावून घेणाऱ्या एएलएस या असाध्य विकाराने त्यांना गाठले. त्यांच्या नावाने निघणाऱ्या खास मालिकेतील २०१३ च्या प्रत्येक बाटलीमागे वीस डॉलर या विकाराच्या निवारणकार्यासाठी देण्यात आले. पुत्र क्रेग तोवर त्यांच्या जोडीने काम पाहू लागले होते.

गोमंतकीयांनी या कथेकडे परक्याची कथा म्हणून पाहू नये. आपल्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशनाची मान्यता लाभली. २०१६ मध्ये राज्य सरकारने फेणीला वारसा-पेयाचा दर्जा दिला. नावाला संरक्षण मिळाले, हे योग्यच. परंतु बोंडू किती पिकल्यावर घ्यावा, रस किती आंबू द्यावा, जाळ केव्हा मंद करावा, हे सरकारी राजपत्रात लिहिलेले नसते. ते भट्टीवर बसणाऱ्या माणसाच्या नाकाडोळ्यांत असते. त्या माणसाची फेणी आपण पाहुण्यांपुढे अभिमानाने ठेवतो. त्याला मात्र सन्मानाने पंक्तीला घेत नाही. मग त्याच्या मुलाने भट्टीकडे पाठ फिरवली, तर दोष कोणाचा?

व्यसनमुक्तीचे कार्य नेटाने चाललेच पाहिजे. कारागिराच्या उपेक्षेने मात्र त्यास कवडीची मदत होत नाही. जाणत्या भट्टीवाल्यांचे ज्ञान नोंदवून ठेवणे, नव्यांना त्यांच्या हाताखाली शिकता येईल अशी सोय करणे आणि या श्रमाला योग्य मोल देणे, एवढे शासनाला व समाजाला सहज करता येईल. केंटकीत जळालेला कारखाना पुन्हा उभा राहिला, कारण जाणता माणूस शिल्लक होता. जाणता माणूसच संपला, तर उभ्या भट्टीचाही उपयोग नाही.