दुपारी कुलूप लागणाऱ्या बागा

फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. तरीही त्या शहराने आपल्या मध्यभागापासून उत्तरेकडे सुमारे दहा किलोमीटर लांबीचा वनपट्टा राखला आहे. बेर्टेल युंग या नगररचनाकाराने त्याची कल्पना १९११ मध्ये मांडली होती. शीत प्रदेशातील उद्यानशास्त्राचे सूत्र सरळ आहे: वारा अडवावा आणि ऊन आत घ्यावे. म्हणून वाऱ्याच्या अंगास सदाहरित सूचिपर्णी वृक्ष, तर दक्षिणेस पानझडी. हिवाळ्यात निष्पर्ण फांद्यांतून ऊन थेट बाकावर उतरते. बर्फ पडला तरी वाटा ओस पडत नाहीत.

हे सूत्र पुण्याला लावावयाचे तर ते उलटेच करावे लागेल. येथे हवी सावली, आणि पाणी जपून. परंतु बाग म्हणजे हिरवळ आणि कडेने फुलांचे ताटवे, ही समजूत आपण थंड, बारमाही पावसाच्या देशाकडून जशीच्या तशी उचलली. आपला पाऊस चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने ती हिरवळ पाणी पिते आणि वैशाखात दुपारी तिच्यावर पाऊल ठेववत नाही. तुळशीबाग, बेलबाग ही नावे रूढ करणाऱ्या पुणेकरांना बाग झाडांवरून ओळखता येत होती, असे म्हणावेसे वाटते.

शनिवार पेठेपुरते बोलायचे तर रमणबागेत बाग उरलेली नाही, शाळा आहे. त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. वाड्यांच्या चौकांतला पारिजातक मात्र वाड्यांबरोबर गेला आणि त्या जागी वाहने उभी राहू लागली. नदीकाठची वर्तक बाग हाच काय तो पेठेचा मोठा विसावा. आज या परिसरात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी खेड्यापाड्यांतली मुले एकेका खोलीत तिघे-चौघे राहतात. पत्र्याखालची खोली दुपारी दोन वाजता कशी तापते, हे त्यांना विचारावे. पण शहरातील महापालिकेच्या अनेक बागा नेमक्या त्याच वेळी बंद असतात! सकाळी फिरणाऱ्यांसाठी उघडायच्या, उन्हे चढली की कुलूप लावायचे आणि उन्हे कलल्यावर पुन्हा उघडायच्या, असा हा शिरस्ता. उन्हाच्या शहरात सावलीलाच सुट्टी, हा न्याय अजब आहे.

स्वच्छता, पहारा आणि प्रेमिकांचा उपद्रव अशी कारणे यासाठी सांगितली जातात. यांपैकी तिसऱ्याची काळजी वाहण्याचे काम उद्यान विभागाचे नव्हे. पहिली दोन कारणे खरी आहेत. त्यांसाठी माणसांची आणखी एक पाळी नेमावी लागेल आणि तिचा खर्चही सोसावा लागेल. त्यातला काही भाग हिरवळीच्या पाण्यातून वाचू शकेल. निदान चैत्र-वैशाखात तरी पेठांतल्या बागा दिवसभर उघड्या ठेवाव्यात, आणि येत्या पावसाळ्यात हिरवळीच्या कडेने करंज, कडुनिंब, जांभूळ लावावेत. ती झाडे बाकावर सावली धरण्याजोगी होईपर्यंत आज अभ्यासाला आलेली मुले नोकरीला लागलेली असतील किंवा गावी परतलेली असतील. कुलूप मात्र येत्या उन्हाळ्यातच काढता येण्याजोगे आहे.