विक्सबर्गचे विस्मरण

लढायांचे नकाशे उलगडून बसण्याची हौस असलेले वाचक आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. त्यांच्यापैकी कोणासही अमेरिकेतील यादवी युद्धाविषयी छेडले, तर पहिले नाव दक्षिणेच्या रॉबर्ट लीचे निघते, दुसरे बहुधा ‘स्टोनवॉल’ जॅक्सनचे, आणि लढाई म्हटली की गेटिसबर्ग. ज्या सेनापतीने हे युद्ध प्रत्यक्ष जिंकले, डोनेल्सन, विक्सबर्ग आणि ॲपोमॅटॉक्स अशा तीन ठिकाणी शत्रूच्या सगळ्याच्या सगळ्या फौजेला हत्यारे खाली ठेवावयास लावली, त्या उत्तरेच्या युलिसिस ग्रँटचा उल्लेख मागाहून येतो, आणि तोही ‘मद्यपी, माणसे पाण्यासारखी खर्चणारा, केवळ संख्याबळावर तरलेला’ अशा शेऱ्यासह. तरुणपणी मीही लीच्याच पक्षाचा होतो, हे कबूल करावयास हरकत नाही. परंतु आकडे आणि नकाशे शेजारी शेजारी मांडून पाहिल्यावर तो पक्ष मला सोडावा लागला.

लीच्या अंगी असामान्य साहस होते, यात वाद नाही. १८६३च्या मे महिन्यात चॅन्सेलर्सव्हिल येथे सुमारे ६० हजार माणसांनिशी त्याने दुपटीहून मोठ्या फौजेला तोंड दिले, हाताशी असलेले तुटपुंजे सैन्यही दुभंगून त्याचा मोठा हिस्सा जॅक्सनबरोबर रानवाटेने शत्रूच्या उजव्या बगलेवर धाडला, आणि सायंकाळच्या सुमारास बेसावध शिबंदीची दाणादाण उडवली. असा डाव कोणत्याही बखरकाराने दहा पाने खर्चून वर्णावा. पण त्याच रात्री अंधारात जॅक्सन आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी जायबंदी झाला आणि आठ दिवसांनी मरण पावला. शिवाय या झुंजीत लीची सुमारे १३ हजार माणसे कामी आली वा निकामी झाली, म्हणजे पाचांत एकाहून अधिक. उत्तरेचा पराभूत सेनापती हूकर याचे प्रमाण याहून पुष्कळ कमी होते. दोनच महिन्यांनी गेटिसबर्गच्या तिसऱ्या दिवशी लाँगस्ट्रीटसारखा अनुभवी सरदार विरोध करीत असताही लीने सुमारे साडेबारा हजार सैनिक उघड्या माळावरून तोफांच्या तोंडी पाठवले, आणि त्यांतले निम्मे तासाभरातच गारद झाले. ज्याच्या पक्षाकडे मुळात माणसेच कमी, त्याने ती हात सैल सोडून खर्चावी, आणि ‘खाटीक’ ही पदवी मात्र प्रतिपक्षाच्या सेनापतीला मिळावी, यातील विसंगती सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

गेटिसबर्गचा रणसंग्राम संपला ३ जुलै १८६३ रोजी. दुसऱ्याच दिवशी, तेथून शेकडो कोस दूर, मिसिसिपी नदीच्या काठी विक्सबर्ग पडले, आणि माझ्या मते या युद्धाचे पारडे तेथे फिरले.

हे नगर नदीच्या एका तीव्र वळणावर उंच कड्यांवर वसलेले होते. वरून तोफा रोखलेल्या, खाली नदीचा वळसा, उत्तरेस दलदल आणि वेलींनी गच्च भरलेले पाणथळ रान. १८६२च्या डिसेंबरात ग्रँटचा सहकारी शर्मन याने केलेला हल्ला या दलदलीतच फसला. पुढे हिवाळाभर ग्रँटने कालवे खणून पाहिले, आडवाटेच्या ओढ्यांतून तारवे घुसवून पाहिली, आणि प्रत्येक प्रयत्नात तो अपयशी ठरला. वॉशिंग्टनला त्याच्याविरुद्ध कागाळ्या जाऊ लागल्या आणि वर्तमानपत्रे त्याच्या बडतर्फीची भाषा बोलू लागली. मग त्याने जे योजले ते त्याचा विश्वासू शर्मन यालाही अविचाराचे वाटले. फौज नदीच्या पश्चिम तीराने पायी खाली न्यायची, आरमाराने रात्रीच्या अंधारात कड्यावरील तोफांच्या माऱ्याखालून निसटून तिला गाठायचे, आणि शहराच्या दक्षिणेस नदी ओलांडून शत्रूच्या मुलखात शिरायचे. १६ एप्रिलच्या रात्री आरमाराचा प्रमुख पोर्टर याची गलबते त्या माऱ्यातून पार झाली. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून ग्रिअरसन सुमारे १,७०० स्वार घेऊन मिसिसिपी संस्थान उभे चिरीत निघाला आणि रेल्वेचे रूळ उखडीत सोळा दिवसांनी लुइझियानात बाहेर पडला. हा ग्रिअरसन पेशाने संगीतशिक्षक. लहानपणी घोड्याची लाथ बसल्यामुळे त्याला घोड्यांचा मनस्वी तिटकारा. हुलकावणी देण्यासाठी याहून अजब माणूस शोधूनही सापडला नसता!

नदी ओलांडावी कोठे, हा प्रश्न उरला होता. त्याचे उत्तर ग्रँटला ना नकाशाने दिले ना हेरखात्याने. त्या भागातील एका कृष्णवर्णीय माणसाने सांगितले, की ब्रुइन्सबर्ग येथे उतारा चांगला आहे आणि तेथून वर पोर्ट गिब्सनपर्यंत पक्की वाट जाते. ही हकीकत ग्रँटने स्वतः नमूद केली आहे. सांगणाऱ्याचे नाव मात्र दफ्तरात नाही. ३० एप्रिल रोजी फौज उतरली ती त्याच जागी, आणि पुढील १८ दिवसांत पाच लढाया झाल्या. ग्रँटने प्रथम पूर्वेकडे वळून संस्थानची राजधानी जॅक्सन घेतली, त्यायोगे मदतीस येऊ पाहणारी दुसरी फौज परस्पर बाजूस सारली, आणि मग उलट फिरून चँपियन हिलवर विक्सबर्गचा रक्षक पेंबर्टन याला शिकस्त देत त्याला तटाआड कोंडले. रसदीचा लांबलचक दोर मागे ओढीत राहण्यापेक्षा दारूगोळा गाड्यांवर घालून दाणावैरण त्याने पुष्कळशी त्या मुलखातूनच उचलली. तटावर चढवलेले दोन हल्ले फसल्यावर त्याने हट्ट सोडला आणि कुदळी-फावडी हाती घेतली. आत शहरातले लोक टेकड्यांत गुहा खोदून राहिले, खेचरांचे मांस खाण्याची पाळी आली, आणि तेथील ‘डेली सिटिझन’ हे पत्र कागद संपल्यामुळे भिंतीच्या शोभेच्या कागदाच्या पाठीवर छापले जाऊ लागले. ४७ दिवसांनी सुमारे २९ हजार सैनिक शरण आले. पाच दिवसांत नदीवरील दक्षिणेचे उरलेले ठाणे पोर्ट हडसनही पडले, मिसिसिपी उगमापासून मुखापर्यंत मोकळी झाली, आणि टेक्सास, आर्कान्सा व लुइझियाना ही संस्थाने उर्वरित दक्षिणेपासून तुटली.

याला केवळ संख्याबळाचा विजय म्हणणाऱ्याने हा नकाशा पाहिलेला नाही, एवढेच मी म्हणेन.

ग्रँटच्या हातून चुका झाल्या नाहीत असे नव्हे. शायलोच्या लढाईत तो गाफील सापडला. ३ जून १८६४ रोजी कोल्ड हार्बरच्या खंदकांवर त्याने चढवलेल्या हल्ल्यात अल्पावधीत हजारो माणसे फुकट गेली, आणि त्याचा पश्चात्ताप त्याने आपल्या आत्मवृत्तात आडपडदा न ठेवता लिहून ठेवला. घशाच्या कर्करोगाने ग्रासलेला हा माणूस, दिवाळे निघालेल्या संसाराची तरतूद व्हावी म्हणून, अखेरच्या दिवसांत तो ग्रंथ पुरा करीत होता. लेखन संपल्यानंतर थोड्याच दिवसांत, जुलै १८८५ मध्ये, त्याचा अंत झाला.

त्या आत्मवृत्तासारखाच सरळ आणि आडपडदा नसलेला होता त्याने ॲपोमॅटॉक्स येथे ९ एप्रिल १८६५ रोजी लिहिलेला शरणनामा. भरजरी पोशाखातील लीसमोर हा चिखलाने माखलेल्या साध्या सैनिकी डगल्यात बसला होता. कलमे थोडी होती: सैनिकांनी हत्यारे ठेवून घरी जावे, वचन पाळतील तोवर त्यांना सरकारी उपद्रव नाही; शिवाय ज्यांचे घोडे वा खेचरे स्वतःची, त्यांनी ती पेरणीसाठी न्यावी, असे त्याने तोंडी मान्य केले. उपाशी शत्रूसैन्याला २५ हजार माणसांचा शिधा देवविला, आणि विजयाच्या तोफांची सलामी सुरू होताच ती बंद करविली. त्या शरणनाम्याची स्वच्छ प्रत लिहिली एली पार्कर या सेनेका जमातीच्या मूलनिवासी अधिकाऱ्याने.

पुढील पेरणी मात्र वेगळ्याच बियाण्याची झाली. पोलार्ड नावाच्या रिचमंडच्या पत्रकाराने १८६६ सालीच ‘लॉस्ट कॉज’ हा ग्रंथ काढला. लीच्या मृत्यूनंतर त्याचा जुना सरदार ज्यूबल अर्ली याने १८७२च्या जानेवारीत लेक्सिंग्टन येथे व्याख्यान देऊन त्याला दोषातीत ठरविले. या मंडळींच्या प्रतिपादनानुसार दक्षिण शौर्यात हरली नाही, ती गिरण्या आणि गर्दी यांपुढे हरली. युद्ध संस्थानांच्या हक्कांचे होते, गुलामीशी त्याचा संबंध वरवरचा. वस्तुतः दक्षिणेचा उपाध्यक्ष स्टीफन्स याने १८६१च्या मार्चमध्ये सव्हाना येथे भर सभेत नव्या राज्याची कोनशिला म्हणजे कृष्णवर्णीयांचे दास्य असे सांगून टाकले होते, आणि १८६०च्या खानेसुमारीत सुमारे ३९ लाख ५० हजार माणसे गुलाम म्हणून नोंदलेली होती. उत्तरेच्या फौजेत पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले, त्यांना तर या कथेत जागाच नव्हती. ग्रँटचे खुजेपण हे लीच्या उंचीसाठी लागणारे जोते होते. विक्सबर्ग विसरल्यावाचून ते बांधता येत नव्हते.

रिचमंडमधील लीचा अश्वारूढ पुतळा १८९० साली उभा राहिला आणि २०२१ मध्ये उतरला. दक्षिणेच्या सेनानींची नावे असलेल्या लष्करी तळांची २०२३ मध्ये नावे बदलली. २०२५ मध्ये फोर्ट ब्रॅग आणि फोर्ट ली ही नावे परत आली, कागदोपत्री मात्र त्याच आडनावाच्या वेगळ्याच सैनिकांच्या सन्मानार्थ! ही आडनावांची हातचलाखी पाहून हसावे की लाजावे, हे तिकडच्या लोकांनी ठरवावे. मूळचा ब्रॅग हा तर आपल्याच हाताखालच्या सरदारांना नकोसा झालेला सेनापती.

आपल्या मुलखाशी या युद्धाचा संबंध एरवी कापसाचा म्हणून सांगितला जातो. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन रुई मिळेनाशी झाल्यावर मुंबईत सोन्याचा धूर निघाला, आणि लढाई मिटताच १८६५ सालीच कंपन्या व सावकारी पेढ्या कोसळल्या. ते खरे आहे. पण अर्लीच्या त्या व्याख्यानानंतर दुसऱ्याच वर्षी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण करून. त्या अर्पणपत्रिकेत एकाही सेनापतीचे नाव नाही.