बिघाड शोधण्याचीही मजुरी असते

सास्तूरच्या बाजारात मी कापड विकतो. कापडाचा ऐब लपत नाही. थान उलगडून उजेडात धरले की धागा तुटला आहे की रंग उडाला आहे ते कळते. बंद पडलेल्या यंत्राचे तसे नाही. त्याचा ऐब शोधावा लागतो आणि शोधायला वेळ जातो. त्या वेळेचे पैसे द्यायला आपण व्यापारी मंडळी तयार नसतो, ही माझी तक्रार आहे. तिच्यात मीही आलो.

माझ्या भाच्याची लग्नात वाजवणारी पार्टी आहे. मुंबईच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून त्याने कॉर्ग कंपनीचा पॉलिसिक्स हा जुना सिंथसायझर घेतला. (आपल्याकडे कोणत्याही कीबोर्डला कॅसिओ म्हणतात, पण हा कॅसिओ नव्हे.) 1981 साली बाजारात आलेले हे अॅनालॉग वाद्य. यात विजेचा दाब कमीजास्त करून सर्किटच स्वर तयार करते. एका वेळी सहा स्वर वाजतात, म्हणून नाव पॉलिसिक्स.

गेल्या सीझनमध्ये ते बिघडले. एक बटण दाबावे तर दुसराच आवाज लागे, काही स्वर मुकेच राहात. मोठ्या शहरातल्या एका दुकानदाराने झाकणही न उघडता सांगितले, "बोर्ड गेला, भंगारात घाला." शेवटी आमच्याच भागातल्या, रेडिओ आणि टेप दुरुस्त करत हात बसलेल्या एका कारागिराकडे ते नेले.

मी शेजारी बसून पाहिले. त्याने आधी मागची पाटी वाचली. जपानच्या बाजारासाठी बनलेला माल 100 व्होल्टचा असतो. तो आपल्या 230 व्होल्टवर सरळ लावला तर जळतो. मग मीटर लावून पॉवर सप्लाय तपासला. अशा बहुतेक जुन्या वाद्यांत अधिक 15, उणे 15 आणि 5 असे व्होल्ट लागतात. तेच डळमळीत असतील तर पुढचे सगळे तपासणे फुकट. आपल्या खेड्यातली वीज कशी असते ते सांगायला नको.

त्यानंतर तो एकेक पट्टी दाबत गेला. त्याचा हिशेब मला फार आवडला. एकच पट्टी मुकी असेल तर तिच्याखालच्या संपर्कात धूळ असते, स्पिरिटने पुसले की बहुधा काम होते. ओळीने वाजवताना दर सहावा स्वर गायब होत असेल तर सहापैकी एका आवाजाचे सर्किट गेलेले असते. तेव्हा चालू सर्किटवर ज्या ठिकाणी मीटर लावला, त्याच ठिकाणी बंद सर्किटवर लावायचा आणि फरक कुठून सुरू होतो ते पाहायचे. चांगला नमुना शेजारीच असतो. सगळेच बिघडले असेल तर पॉवर किंवा मुख्य बोर्ड.

इथे मुख्य बोर्ड होता. आवाजांच्या जुळण्या लक्षात ठेवण्यासाठी पॉलिसिक्समध्ये चार्ज होणारा एक निकेल-कॅडमियम सेल बोर्डवरच सोल्डर केलेला असतो. वर्षे झाली की तो पाझरतो आणि तांब्याचे बारीक ट्रॅक खाऊन टाकतो. या मॉडेलचा हा नेहमीचाच रोग आहे. कारागिराने सेल काढला, क्षार मारायला व्हिनेगर लावले, धुऊन वाळवले आणि भिंगाखाली एकेक ट्रॅक मीटरने तपासून, तुटला तिथे केसासारखी तार जोडली. नवा सेल लिथियमचा घातला, पण डायोड लावून, कारण लिथियमच्या बटण-सेलला चार्ज चालत नाही. हे न कळणारा माणूस नुसता सेल बदलून पैसे घेतो आणि गिऱ्हाईक महिन्याने परत येते.

सामान 150 रुपयांचे, मजुरी 1,800. माझ्यातला व्यापारी जागा झाला. म्हटले, "उस्ताद, दीडशेच्या सामानाला अठराशे?" तो म्हणाला, "चाचा, सेल लावायला दहा मिनिटे लागली. तो कुठे कुठे खाऊन गेलाय हे बघण्यात दोन दिवस गेले." मी गप्प बसलो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आमचे सास्तूर भूकंपात कोसळले तेव्हा मी तरुण होतो. ढिगाऱ्यातून वाकलेल्या, मातीने भरलेल्या शिलाई मशीन निघाल्या. माझ्या ओळखीच्या शिंप्यांची रोजी त्यांच्यावर होती. त्या ज्यांनी चालू करून दिल्या, त्यांच्याशी कोणी घासाघीस केल्याचे मला आठवत नाही. सुखाच्या दिवसांत मात्र आपल्याला हुनराची किंमत सामानाच्या बिलात शोधायची असते.

जुना माल म्हणजे भंगार, हेही खरे नाही. चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाने 1982 साली रोलँडच्या यंत्रांवर राग वाजवून एक तबकडी काढली. ती तेव्हा फारशी चालली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. तिच्यातले टीबी-303 हे यंत्रही नवे असताना पडेल भावात गेले. आज ते मिळवायला लोक वाटेल ती किंमत देतात. अशी वाद्ये दुरुस्त करणाऱ्याला पुढेही काम आहे. बंद झालेल्या काही चिपा 2016 नंतर पुन्हा बनू लागल्या आहेत. मात्र जुन्यावर नवे नाव छापलेला नकली मालही फिरतो. कापडात सेकंड माल फ्रेश म्हणून खपवतात, तसाच तो प्रकार.

कारागीर बांधवांचेही थोडे चुकते. तपासणीचे किती घेणार ते यंत्र उघडण्याआधी सांगा, दुरुस्ती होवो न होवो. काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या. काय सापडले ते कागदावर लिहा. आमच्या उस्तादाने यातले पहिले केले नव्हते, म्हणून तर मला तोंड उघडायला जागा मिळाली. आणि अंदाजाने एकामागून एक भाग बदलत जाणे हे दुरुस्तीचे काम नव्हे. त्यात दुसऱ्याच्या पैशाने जुगार होतो.

भाच्याने अठराशे मोजून दिले. वाद्य आता सुरात आहे, फक्त वरची एक पट्टी अडकते. पुढच्या जुमेरातीला ते घेऊन मीच जाणार आहे, आणि तपासणीचे किती ते दारातच विचारणार आहे.