पहिलं टिग मशीन घेताना

आपल्याकडे कुठलंही मशीन घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "कितीला?" माझ्या मते पहिला प्रश्न "कशासाठी?" हा हवा.

माझे जळगाव-धुळ्याकडचे दोन-तीन माजी विद्यार्थी घरामागच्या शेडमध्ये टिग वेल्डिंग, म्हणजे बोलीभाषेतलं आर्गॉन वेल्डिंग, सुरू करू पाहताहेत. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. या विषयातलं जे थोडंफार कळतं, ते या पोरांनीच शिकवलेलं. तरी मत मात्र माझं आहे!

घरातली वडील मंडळी म्हणतात, "घ्यायचंच तर एकदाच मोठं घे." मला हे पटत नाही. लोखंड आणि स्टेनलेस स्टील जोडायचं असेल तर साधं डीसी मशीन पुरतं. अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही. त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा असतो. धातू ६६० अंशांना वितळतो, पापुद्रा मात्र २,००० अंशांच्या पुढे. तो फोडायला एसी लागतो, म्हणून एसी-डीसी मशीन महाग. अ‍ॅल्युमिनियमचं काम हातात नसेल, तर तो खर्च कशाला? ते पैसे आर्गॉनचा सिलिंडर, रेग्युलेटर, चांगलं हेल्मेट, हातमोजे आणि पक्कं अर्थिंग यांवर लावावेत. डोळे दुसरे मिळत नाहीत.

'२०० अँपियर' वाचूनही भुलू नये. शेजारी ड्यूटी सायकल छापलेली असते. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती. हा हिशेब साधारणपणे ४० अंश तापमानाचा. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, पत्र्याखाली तर विचारूच नका! शिवाय पूर्ण जोरात चालवलं तर घरातला १६ अँपियरचा सॉकेट पुरणार नाही. आधी वायरमनला बोलवा, मग दुकानात जा.

आणखी एक गंमत. उन्हाळ्यात कूलर जोडावर सोडला की आर्गॉन उडून जातो आणि जोड काळा पडतो. पण शेड बंद करूनही चालत नाही. आर्गॉनला वास नसतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि प्राणवायूला बाजूला सारतो. म्हणजे दार उघडं हवं, पण वारा थेट जोडावर नको.

आता मुख्य मुद्दा. "पदवी घेऊन वेल्डर होणार का?" असं वडील विचारतात. मी म्हणतो, का नाही? टिगमध्ये एका हातात टॉर्च, दुसऱ्यात फिलर रॉड, बऱ्याचदा पायाखाली पेडल आणि नजर वितळणाऱ्या थेंबावर. ही एकाग्रता मी परीक्षेच्या हॉलमध्येही फारशी पाहिली नाही. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो. तेवढा वेळ नसेल तर महिनाभर तरी एखाद्या कारागिराच्या हाताखाली उभं राहावं. मशीन हप्त्यावर मिळतं, हात हप्त्यावर मिळत नाही.

तुम्हाला काय वाटतं?